सिस्टरांच्या गाडीचा तापाचा तक्ता

देव माणसाला जन्माला घालताना एखादी खोड पदरात बांधूनच पाठवतो. कुणाला रुसायची, कुणाला चिंध्या साठवायची. सिस्टरांच्या पदरात पडली ती ‘असं का?’ विचारायची. लहानपणी या खोडीपायी त्यांनी आईचा मार खाल्ला, आणि मोठेपणी त्याच खोडीवर पोट भरलं.

सिस्टर म्हणजे आरोग्य केंद्रातल्या घरभेटीच्या परिचारिका. ज्यांना अंथरुणावरून उठून दवाखान्यात येता येत नाही, त्यांच्या घरी जायचं, जखम धुवायची, पट्टी बदलायची, सुई द्यायची, रक्तदाब मोजायचा, आणि निघताना म्हातारीच्या दोन तक्रारी ऐकून घ्यायच्या. चढावरच्या वस्तीतली अकरा घरं त्यांच्याकडे होती. बावीस वर्षांत घरांतली माणसं बदलली, पण फेरी कधी चुकली नाही. त्यांना नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. नवरासुद्धा चारचौघांत ‘आमच्या सिस्टर’ असंच म्हणायचा.

गाडी त्यांच्याकडे उशिराच आली. अडतिसाव्या वर्षी त्या चालवायला शिकल्या, आणि केंद्रातले म्हातारे डॉक्टर निवृत्त होताना आपली गाडी त्यांच्या हवाली करून गेले. कधीकाळी ती निळी असावी. लांब बोनेट, मागे ऐसपैस डिकी, आणि दार लावताना असा आवाज की शेजारच्यांना कळावं, सिस्टर आल्या. डिकीत त्यांचा सगळा संसार असायचा: मलमपट्टीची पेटी, रक्तदाबाचं यंत्र, चादरी, लघवीची भांडी, दोन काठ्या. ‘हिच्या डिकीत शोधलं तर एखादा डॉक्टरपण सापडेल,’ असं नवरा म्हणायचा.

ही गाडी त्या वर्षी सकाळी उठेनाशी झाली.

पहिल्यांदा थंडीत. किल्ली फिरवली की नुसतं कण्हायची. सिस्टरांचे धाकटे दीर गाड्यांच्या वायरिंगचं काम करत. बाजारात त्यांना सगळे ‘करंट’ म्हणायचे, हातातल्या कामामुळे थोडं आणि स्वभावामुळे जास्त. त्यांनी बॅटरी तपासली आणि म्हणाले, “वहिनी, हिचं आयुष्य संपलं. नवी येईपर्यंत आठवडाभर ढकलून काढा.” आठवडाभराने नवी बॅटरी बसली. महिनाभर गाडी गुणी मुलीसारखी वागली, आणि मग पुन्हा तेच. नवी कोरी बॅटरी सकाळी निष्प्राण.

करंटभावजींनी चार्जिंग तपासलं. उत्तम. बॅटरी बदलून दुसरी दिली. तीही मेली. गाडी तीन दिवस गॅरेजात ठेवून घेतली, तर रोज सकाळी पहिल्या किल्लीला सुरू. चौथ्या दिवशी घरी आणली, दोन सकाळी जेमतेम उठली, तिसऱ्या सकाळी मेली.

“गाडी बंद असताना कुणीतरी आतून करंट पितंय,” भावजी म्हणाले. “थेंबथेंब. पण माझ्यासमोर पीत नाही.”

“मग माझ्यासमोर का पितं?”

“तुमच्या घराला नजर लागली असेल.”

“भावजी, नजरेवर माझ्याकडे गोळी नाही. दुसरं काहीतरी सांगा.”

भावजींनी बोनेट लावून टाकलं.

हे हसण्यावारी नेण्याचे दिवस लवकरच संपले. चढावरच्या वस्तीत एक म्हातारे सुतार होते. पायाला न भरणारी जखम, रोज सकाळी आठच्या आत धुऊन पट्टी लागायची. दोन सोमवार ओळीने सिस्टर दहाला पोचल्या. तिसऱ्या सोमवारी केंद्रातल्या मोठ्या बाईंनी त्यांना बोलावून घेतलं. मोठ्या बाई म्हणजे सगळ्या परिचारिकांच्या वरच्या. आवाज कधी चढवायच्या नाहीत, त्यामुळेच त्यांची भीती वाटायची.

“सिस्टर, तुमचं काम कुणी नाकारत नाही,” त्या म्हणाल्या. “पण जखम गाडीसाठी थांबत नाही. केंद्राची नवी व्हॅन आहे, ती चालवणारी मुलगी आहे. अजून एकदा उशीर झाला तर चढाची फेरी तिच्याकडे देते. तुम्ही भांडारात बसा. पट्ट्यांचा हिशेब कुणीतरी ठेवायलाच हवा.”

सिस्टर ‘बरं’ म्हणून बाहेर आल्या. भांडारात एक खिडकी होती आणि ती भिंतीकडे उघडायची. बावीस वर्षं ज्या बाईने अकरा घरांच्या पायऱ्या मोजल्या, तिने आता कापसाचे गुंडाळे मोजायचे.  घरी येऊन देवापुढे दिवा लावताना त्या नेहमीपेक्षा जास्त वेळ उभ्या राहिल्या. काय मागितलं ते त्यांनाच ठाऊक, पण बाहेर आल्या त्या सरळ टेबलाकडे गेल्या आणि खणातून तापाचा तक्ता काढला.

रोग्याच्या पलंगाला लटकवतात तो, चौकटी-चौकटींचा कागद. केंद्रातून बाद झालेले जुने तक्ते त्या घरी आणायच्या, वाणसामानाची यादी करायला. आता त्यावर त्यांनी वर लिहिलं ‘गाडी’, आणि मागच्या दोन महिन्यांच्या सकाळी आठवून आठवून भरायला बसल्या. पहिल्या किल्लीला सुरू झाली तर टिंब वर, कण्हत सुरू झाली तर मध्ये, मेली तर खाली. जिथे आठवेना तिथे नवऱ्याला विचारलं. नवरा पुस्तकं बांधायचं काम करी. माणूस शांत, आणि गाडी ढकलण्यात एव्हाना पारंगत.

“मागच्या गुरुवारी?”

“गुरुवारी माझ्या चपलेचा अंगठा तुटला. म्हणजे मेली होती.”

“आणि शुक्रवारी?”

“शुक्रवारी मी नवीन चप्पल घालून तयार होतो, तर सुरू झाली. मेहनत वाया.”

टिंबं रेघेने जोडली तेव्हा चित्र दिसू लागलं. सोमवारी हमखास खड्डा. रविवारी सुट्टी, म्हणजे शनिवारी संध्याकाळपासून गाडी एका जागी. जितका वेळ उभी, तितका आजार जास्त. इथवर भावजींचंच म्हणणं खरं ठरत होतं. पण तक्त्यावर दोन ठिकाणी रेघ वरच्या वर सपाट होती. एक, गॅरेजातले तीन दिवस. दुसरं, मध्यंतरी त्या धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या होत्या ते दोन दिवस. तिथे तर गाडीला कुणी हातही लावला नव्हता, आणि तिसऱ्या सकाळी झटक्यात सुरू.

“अहो, घरी आली की आजारी पडते,” सिस्टर म्हणाल्या.

“बहिणीकडे गेलीस की तुझंही डोकं दुखायचं थांबतं,” नवरा म्हणाला. “काही रोग असेच असतात.”

“रविवारी दुपारी तुम्ही गाडीत बसून रेडिओ ऐकता का?”

नवऱ्याने चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता. “बातम्या. पंधरा मिनिटं. घरात तू भांडी लावत असतेस, काही ऐकू येत नाही.”

रेडिओचा फ्यूज त्याच क्षणी निघाला आणि सिस्टरांच्या खिशात गेला. पण दोन दिवसांनी तक्त्यावर पुन्हा खड्डा पडला, आणि गाडी ढकलून सिस्टर कशाबशा आठच्या आत पोचल्या. नवरा निर्दोष सुटला, फ्यूज मात्र त्याला परत मिळाला नाही.

शनिवारी सकाळी सिस्टर भावजींच्या गॅरेजात जाऊन उभ्या राहिल्या.

“आज दुपारी घरी या. मीटर घेऊन.”

“वहिनी, गाडी गॅरेजात येते. गॅरेज गाडीकडे जात नाही.”

“दवाखानाही रोग्याकडे जात नाही, म्हणून तर मला ठेवलंय. भावजी, ऐका. एका म्हातारीला दवाखान्यात नेलं की खोकला नाही, घरी आणलं की रात्रभर ढास. चार डॉक्टर थकले. मी घरी गेले तर तिची उशी चुलीच्या भिंतीला लागून. रोगी तिथे बघायचा जिथे तो आजारी पडतो. तुमच्याकडे ती बरी असते, मग तुम्ही काय बघणार?”

भावजी थोडा वेळ पाना पुसत राहिले. “चहा मिळेल का?”

“दोन कप.”

दुपारी ते आले. गाडी फाटकासमोरच्या सपाट जागेवर आणून उभी केली, बॅटरीची एक वायर सोडवली आणि मधे मीटर लावला. बॅटरीतून निघणारा प्रत्येक थेंब आता मीटरमधूनच जाणार. दारं सगळी बंद. तिघंही बोनेटवर वाकून बघत राहिले, जसं बाळंतघराबाहेर थांबतात.

“पंचवीस मिलिअँपिअर,” भावजी म्हणाले. “घड्याळाला लागतो तेवढाच. शहाण्या बाळासारखी झोपलीय. मी म्हटलं नव्हतं?”

“पण ती इथे झोपत नाही.”

“म्हणजे?”

“इथे फाटकासमोर लावली तर शेजाऱ्यांचा रस्ता अडतो. ती तिथे झोपते.” सिस्टरांनी गल्लीच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथून रस्ता चांगलाच खाली उतरत होता.

“चार पावलांनी काय फरक पडतो, वहिनी?”

“पडत नसेल तर तुम्हाला चहा मिळाला आणि माझं समाधान झालं.”

गाडी उताराला नेली, तोंड खाली, हॅण्डब्रेक ओढला, चाकाखाली दगड. भावजींनी पुन्हा मीटर लावला. आकड्याकडे बघितलं. मीटरला टिचकी मारली. पुन्हा बघितलं.

“किती?” सिस्टरांनी विचारलं.

“आठशे दहा. मीटर बिघडला.”

“मघाशी चांगला होता ना?”

“वहिनी, मला काम करू द्या.”

पण त्यांचा चेहरा आता बदलला होता. कान टवकारलेल्या मांजरासारखा. त्यांनी गाडी पुन्हा सपाटीवर नेली. पंचवीस. उताराला आणली. आठशे. नवरा दर वेळी दगड उचलून पुढे-मागे करत होता.

“हिला उतार सोसत नाही,” तो म्हणाला. “मलाही गुडघ्यात होतं तसं.”

उतारावरच भावजी एक-एक फ्यूज काढत गेले आणि सिस्टर आकडा मोठ्याने वाचत गेल्या. आठशे, आठशे, आठशे. पाचवा फ्यूज निघाला आणि आकडा एकदम शून्यापाशी.

“आतल्या दिव्यांचा,” भावजी पुटपुटले. “पण छतावरचा दिवा तर बंद आहे. तुम्हाला दिसतोय का पेटलेला?”

“नाही.”

“मग या फ्यूजवर दुसरं काय आहे? घड्याळ. आणि...” ते थांबले. दोघांचीही नजर एकाच वेळी मागे गेली.

“डिकीतला दिवा,” सिस्टर म्हणाल्या.

“तो डिकी उघडल्यावर लागतो.”

“बंद असताना लागत नाही हे कुणी पाहिलंय?”

 डिकी उघडून बघावं तर दिवा लागणारच. बंद ठेवावी तर दिसणार काही नाही. नवऱ्याने सुचवलं की भावजींना आत बसवून झाकण लावावं. भावजींनी सुचवलं की दादालाच बसवावं, बातम्याही ऐकता येतील.

सिस्टरांचं लक्ष नव्हतं. त्या आपला उजवा हात उलटा करून बोटांच्या मागच्या बाजूकडे बघत होत्या. बावीस वर्षं याच बाजूने त्यांनी कपाळं तपासली होती.

“दिवा पेटलेला असेल तर तापलेला असणार,” त्या म्हणाल्या. “आधी निरोगी अंग कसं लागतं ते बघू.”

फ्यूज जागेवर बसवून गाडी पुन्हा सपाटीवर नेली आणि अर्धा तास तशीच ठेवली. मग सिस्टरांनी झाकण उघडलं आणि त्याच क्षणी दिव्याच्या काचेला बोटं टेकवली. गार. झाकण लावून गाडी उताराला आणली, पुन्हा अर्धा तास. दुसरा कप चहाही संपला. त्यांनी झाकण उघडलं, बोटं टेकवली आणि झटकन मागे घेतली.

“ताप आहे,” त्या म्हणाल्या. बोट तोंडात होतं, त्यामुळे नीट ऐकू आलं नाही, पण सगळ्यांना कळलं.

पुढचं काम भावजींचं. दिव्याजवळ झाकणाच्या आतल्या बाजूला एका पट्टीवर काचेची इवलीशी नळी बसवलेली होती. त्यांनी ती सोडवून सिस्टरांच्या तळहातावर ठेवली. नळीत पाऱ्याचा एक थेंब. झाकण उचललं की तो घरंगळून दोन तारांना जोडणार आणि दिवा लागणार, झाकण पडलं की परत जाणार. साधी युक्ती. पाऱ्याशी सिस्टरांचं जुनं नातं, त्यांनी थर्मामीटर झटकण्यात उमर घालवली होती. त्यांनी हात जरा कलवला, थेंब पळाला. सरळ केला, परत आला. चार-पाच वेळा त्यांनी तेच केलं.

“पण झाकण तर लावलेलं असतं. उतारावर गाडीचं ढुंगण वर होतं एवढंच.”

“थेंबाला ते कसं कळणार?” भावजी म्हणाले. “झाकण वर गेलं काय आणि अख्खी गाडी वर गेली काय, त्याला सारखंच. तरी एवढ्याशा उताराने व्हायला नको. ही पट्टी बघा, वाकलीय. आधीच अर्धी पुढे कललेली. डिकीत काय कोंबलं होतं?”

सिस्टरांना आठवलं. नव्या बॅटरीनंतर महिनाभराने पोचवलेला सुतारांचा वॉकर. डिकीत बसत नव्हता, म्हणून झाकण अंग टाकून दाबलं होतं. 

“आणि तोंड खाली करून उताराला लावायचं कुणाच्या डोक्यातून आलं?” भावजी विचारून गेले, आणि विचारता विचारताच त्यांचा हात थांबला.

नवऱ्याने घसा साफ केला. “थंडीत. जुनी बॅटरी गेली तेव्हा. ‘उताराला लावत जा, वहिनी, म्हणजे दादाला फार ढकलावं लागणार नाही.’ तूच म्हणालास.”

भावजी रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन बसले. दोन नव्या बॅटऱ्या, तीन दिवस गॅरेजात, बाजारात झालेलं हसं, आणि मुळाशी आपलाच सल्ला. आधी बॅटरी मेली म्हणून गाडी उताराला लागली, आणि नंतर उताराला लागली म्हणून बॅटरी मरत राहिली. नवी बॅटरी बसवल्यावर ‘आता उतार सोडा’ असं सांगायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं.

सिस्टरांना त्यांना टोमणा मारता आला असता, आणि हक्कही होता. पण त्या म्हणाल्या, “भावजी, हे मी रोज बघते. औषध सुरू करणारे दहा असतात, बंद करणारा कुणी नसतो. एका आजोबांना ऑपरेशननंतर चार दिवस घ्यायची झोपेची गोळी दिली होती. सहा वर्षं घेत होते, आणि दिवसभर चक्कर का येते म्हणून तपासण्या करत होते. गोळी चुकीची नव्हती. चार दिवसांसाठी होती.”

“तुम्ही मला आजोबा करून टाकलंत.”

“रोग सापडला ना? मग उठा.”

भावजींनी पट्टी सरळ केली, नळी बसवली, मीटर लावला. उतारावर पंचवीस. ते म्हणाले, “आता सपाटीवर लावा आणि विसरून जा.”

“नाही. आता दोन रात्री इथेच राहील.”

“वहिनी, सोमवारी तुमची शेवटची संधी आहे. विषाची परीक्षा कशाला घ्यायची?”

“माझी अकरा घरं चढावर आहेत. तिथे मला सपाट जागा कोण राखून ठेवणार? बरी झालीय की नुसती सपाटीवर लपतेय, हे मला कळायला हवं. आणि जखम माझ्या हौसेसाठी थांबणार नाही, म्हणून सोमवारी सहाला तुम्ही दुसरी बॅटरी घेऊन या. गाडी उठली तर ती परत न्या.”

रविवारी सिस्टरांनी भावजींनी ठेवून दिलेला मीटर दर चार तासांनी लावून आकडा तक्त्यावर टिपला. सकाळी आठला पंचवीस. बाराला आठशे. सिस्टरांनी आकडा पुन्हा वाचला. मग लक्षात आलं, मागचं दार नीट लागलेलं नव्हतं आणि छतावरचा दिवा पेटलेला होता. मागच्या सीटवर नवऱ्याचं वर्तमानपत्र पडलेलं होतं.

“रेडिओ नाही तर निदान वाचू तरी द्या,” तो म्हणाला.

दार लावलं. चारला पंचवीस, आठला पंचवीस.

सोमवारी सहाला भावजी बॅटरी घेऊन हजर. नवरा चाकाखालचा दगड काढून, सवयीने डिकीला हात लावून, एक पाय मागे रोवून तयार. सिस्टरांनी देवाचं नाव घेतलं आणि किल्ली फिरवली. गाडी एका दमात सुरू झाली आणि उतारावरून निघूनही गेली. नवऱ्याचे हात हवेत तसेच राहिले. भावजी म्हणाले, “दादा, आता हात खाली घे. लोक बघतायत.”

साडेसातला सिस्टर सुतारांकडे होत्या, साडेबाराला अकरावं घर झालं, आणि दुपारी त्यांनी केंद्रात मोठ्या बाईंच्या टेबलावर भेटीची वही ठेवली. मोठ्या बाईंनी वेळा वरून खालपर्यंत वाचल्या.

“काय होतं शेवटी?”

“डिकीतला दिवा. झाकण बंद असतानाही जळत होता.”

“मग इतके दिवस कुणाला दिसला कसा नाही?”

“उघडलं की तो जळायलाच हवा, बाई. वेगळं काय दिसणार?”

मोठ्या बाईंनी वही मिटली. मग आवाज आणखी उतरवून म्हणाल्या, “आमच्या फ्रिजमधला दिवा दार लावल्यावर विझतो की नाही, हे मी कधी बघितलेलंच नाही.”

“अर्ध्या तासाने दार उघडायचं आणि लगेच काचेला हात लावायचा,” सिस्टर म्हणाल्या. “बोटांच्या मागच्या बाजूने. आणि जपून.”

मोठ्या बाईंनी ते कागदाच्या कोपऱ्यावर लिहून घेतलं. मग उद्याच्या चढाच्या फेरीची यादी उचलली, वर सिस्टरांचं नाव घातलं आणि त्यांच्याकडे सरकवली.